चेडवर्थ: झऱ्याकाठचा रोमन वाडा

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, झाडीनं भरलेल्या दरीच्या उतारावर चेडवर्थचा हा रोमन वाडा आहे. आत आलात की मोझॅककडे, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांच्या फरशीकडे, धावू नका. आधी वायव्येच्या कोपऱ्यात चला.

इथं दगडी अष्टकोनी हौद आहे. टेकडीतला झरा आजही त्यात झुळझुळतो. वाड्यासाठी ही जागा निवडली ती या पाण्यामुळे. इथल्या दोन्ही स्नानगृहांची मदार त्याच्यावरच: एक वाफेचं, दुसरं कोरड्या उष्णतेचं.

आता जमिनीखाली बघा. हे बुटके खांब फरशी उचलून धरण्यासाठी आहेत. रोमन बांधणीत अशा खांबांची वीट साधारण २० सेंटीमीटर चौरस असे. त्यावर ६० सेंटीमीटरच्या थोराड विटा, वर चुना-सुरखीचा जाड थर. भट्टी खोलीबाहेर. गरम हवा खांबांमधून फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांवाटे वर जायची. फरशीला तडा गेला, की धूर थेट खोलीत! म्हणून थर जाड हवा. आणि थर जाड, म्हणून तापायला वेळ. एकदा पेटलेली भट्टी सहसा विझू देत नसत.

जेवणाच्या दालनात मात्र निवांत थांबा. इथल्या मोझॅकच्या कोपऱ्यात माणसाच्या रूपातला हिवाळा शोधा: डोक्यावर टोपडं, अंगात जाड झगा, एका हातात ससा, दुसऱ्यात निष्पर्ण फांदी. त्यातले लाल तुकडे विटांचे आहेत. तुकड्यांची ही थंडी खरंच अंगावर येते.

उत्तरेकडच्या खोल्यांच्या ओळीतलं एक मोझॅक त्यापेक्षा ओबडधोबड आहे, नक्षीत चुकाही आहेत. पण महत्त्व त्याचंच मोठं. त्या खोलीच्या भिंतीच्या पायात सापडलेल्या कोळशाच्या आणि हाडाच्या कालमापनातून कळलं, की ती भिंत इसवी सन ४२४ नंतरची आहे. म्हणजे ब्रिटनवरची रोमन सत्ता संपल्यावरही इथं कुणीतरी नवी फरशी घालत होतं.

१८६४ मध्ये वाडा उजेडात आला आणि तेव्हापासून पाणीच त्याचा वैरी झालं. चुन्यात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं, तुकडे सुटतात. मातीखाली ही भीती नव्हती. १९२४ पासून वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. पश्चिमेच्या ओळीवर २०१२ मध्ये नवं छत आलं. आता वर टांगलेल्या मार्गिकेवरून फरशीला पाय न लावता ती वरून पाहता येते.

आणि उघड्या भिंतींच्या माथ्यावरची दगडी कौलं? ती रोमन काळात तिथं बसवलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात खोदणाऱ्यांनी, भिंतींत पाऊस मुरू नये म्हणून, प्रत्येक भिंतीला आपलं छोटं छप्पर घातलं.