तीन पॉइंट एकवीस

(काळा पडदा. मधोमध एक चौकट. चौकटीत दोन पर्याय: ‘हो’ आणि ‘नाही’.)

१ एप्रिल २०१०. जेवणं आटोपलीत, टीव्हीसमोर बैठक जमवलीय, प्लेस्टेशन ३ हे सोनीचं गेम खेळायचं मशीन सुरू केलंय. मित्र पलीकडे ऑनलाइन वाट बघतोय. तुम्ही आत शिरायला जाता आणि मशीन दारातच अडवतं. नवीन सिस्टम सॉफ्टवेअर आलंय, आवृत्ती ३.२१. घ्यायचं का?

असले प्रश्न आपण वाचत नाही. ‘हो’ दाबतो आणि चहा टाकायला उठतो. अपडेट म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, हे आपण गृहीत धरलेलं असतं. मराठीत तर आपण त्याला ‘सुधारित आवृत्ती’च म्हणतो. निकाल आधी लावून मोकळे.

या सुधारित आवृत्तीत नवं सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचं मुख्य काम एकच होतं: मशीनमधून एक गोष्ट काढून टाकणं. तारीख अशी की थट्टा वाटावी. पण चार दिवस आधी, २८ मार्चला, सोनीनं हे रीतसर जाहीर केलं होतं.

(जुनं, जाडजूड, चकचकीत काळं प्लेस्टेशन ३. त्यावर बोटांचे ठसे.)

हे पहिलं मॉडेल. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये जपान आणि अमेरिकेत आलं. वजन पाच किलो. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. खेळण्याला एवढे पैसे? त्यावर सोनीचं उत्तर ठरलेलं होतं: हे खेळणं नाही, हा संगणक आहे. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी हे उघडपणे म्हणत. आणि ते नुसतं बोलणं नव्हतं, त्याचा पुरावा मशीनच्या सेटिंग्जमध्येच होता. तिथे एक ओळ होती: ‘इन्स्टॉल अदर ओएस’, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाका. हार्ड डिस्कचा एक तुकडा वेगळा काढायचा, त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकायची, की टीव्हीखालचा डबा संगणक झाला. तोही सोनीच्या पूर्ण संमतीनं. कुठलीही चोरवाट नाही.

आता खरं सांगायचं तर घरगुती कामाला तो संगणक काही धड नव्हता. मुख्य मेमरी २५६ एमबी. ग्राफिक्सच्या चिपला लिनक्सनं हात लावायचा नाही, अशी सोय सोनीनं आधीच करून ठेवलेली. ब्राउझर उघडला की मशीन धापा टाकायचं. पण आत जो प्रोसेसर होता, तो साधा नव्हता. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला ‘सेल’. एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली आकडेमोडीसाठी आठ छोटे गाभे. त्यातला एक बंद ठेवलेला, एक सोनीनं स्वतःसाठी राखलेला, उरलेले सहा तुमचे. याच सेलची सुधारलेली भावंडं वापरून आयबीएमनं २००८ मध्ये ‘रोडरनर’ हा महासंगणक उभा केला. एक पेटाफ्लॉपची, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडींची वेस ओलांडणारा तो जगातला पहिला.

आणि हा प्रोसेसर दुकानात मिळत होता, खेळाच्या डब्यात, तोही तोट्यात. सोनी सुरुवातीला प्रत्येक मशीन पदरमोड करून विकत होती. तो खड्डा गेमच्या विक्रीतून भरून काढायचा, असा या धंद्याचा हिशोब. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

(विद्यापीठाची प्रयोगशाळा. मांडणीवर ओळीनं ठेवलेली प्लेस्टेशन.)

हा हिशोब सगळ्यात आधी कळला तो शास्त्रज्ञांना. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ कॅम्पसमधले भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना कृष्णविवरांवर काम करत होते. मोठ्या कृष्णविवरात छोटं कृष्णविवर पडताना गुरुत्वीय लहरी कशा उठतील, याचं गणित. महासंगणकावर वेळ विकत घ्यायला पैसे लागतात. खन्नांनी २००७ मध्ये प्लेस्टेशनच एकमेकांना जोडली, त्यावर लिनक्स चढवलं आणि काम सुरू केलं. सुरुवातीची काही मशीन तर खुद्द सोनीनं देणगी म्हणून दिली होती.

मग अमेरिकेचं वायुदल आलं. न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं गाव आहे, तिथे त्यांची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिनं ‘कॉन्डोर’ नावाचा महासंगणक बांधायला घेतला. त्यात १,७६० प्लेस्टेशन. नग साधारण ४०० डॉलरला.

एवढी मशीन घेतली आणि गेम एकही घेतला नाही. सोनीच्या हिशोबनीसाला काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

(२००९. नवं, सडपातळ मॉडेल.)

ऑगस्ट २००९ मध्ये सोनीनं बारीक अंगाचं नवं मॉडेल जाहीर केलं. त्यात ‘अदर ओएस’ नव्हतं. ठीक आहे. नवीन वस्तू आहे, त्यात काय द्यायचं ते कंपनी ठरवेल. घेणारा बघून घेईल. पण जुन्या मालकांच्या मनात पाल चुकचुकली. आमचं काय? सोनीच्या लिनक्स विभागातल्या एका अभियंत्यानं तेव्हा लेखी सांगितलं, की आधी विकलेल्या मशीनवरची सोय चालू राहील, पुढच्या अपडेटमध्ये ती बंद केली जाणार नाही.

हा शब्द सात-आठ महिने टिकला.

मधल्या काळात एक पोरगा आला. जॉर्ज हॉट्झ, वय २०. सतराव्या वर्षी यानं आयफोनचं कुलूप उघडून दाखवलं होतं. जानेवारी २०१० मध्ये त्यानं जाहीर केलं, की प्लेस्टेशन ३ च्या गाभ्यापर्यंत पोहोचलोय. वाट? लिनक्समधून शिरायचं, आणि मशीन उघडून मेमरीच्या तारांवर अगदी नेमक्या क्षणी विजेचा एक धक्का द्यायचा. सोल्डरिंग गन हातात धरता येणाऱ्यालाच जमेल असं काम. घरोघरी होणारी चोरी नव्हे. चोरीचा गेमही त्यातून कुणी चालवून दाखवला नव्हता.

पण सोनी दचकली. कारण दिलं ‘सुरक्षा’. आणि खिडकी उघडी राहिली म्हणून घरमालकानं खिडकीच चिणून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच.

(पुन्हा तीच चौकट. ‘हो’ आणि ‘नाही’.)

आता या दोन शब्दांकडे नीट बघू.

‘हो’ म्हणालात तर ‘अदर ओएस’ गेलं. त्या भागात साठवलेलं तुमचं काम, तुमच्या फायली, सगळं हाताबाहेर. आधी दुसरीकडे काढून ठेवा, असं कंपनीनं बजावलं होतं.

‘नाही’ म्हणालात तर प्लेस्टेशन नेटवर्क बंद. ऑनलाइन खेळणं बंद. यापुढे येणारे जे गेम आणि जे ब्लू-रे चित्रपट ३.२१ किंवा त्यापुढची आवृत्ती मागतील, ते बंद. म्हणजे दुकानातून रोख पैसे मोजून नवी डिस्क आणायची, आत सरकवायची, आणि डिस्कनं म्हणायचं, आधी अपडेट करा.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि सोनी म्हणणार, आम्ही सक्ती कुठे केली? पर्याय दिला होता की!

गंमत बघा, वस्तू बिघडली तर आपल्याला राग कुणावर काढायचा ते माहीत असतं. काढून घेतली तर आधी आपण स्वतःवरच शंका घेतो. आमच्या घरी एक टीव्ही आहे, कंपनीचं नाव नको. रिमोटवर एक बटण होतं, ते दाबलं की थेट पेन ड्राइव्ह उघडायचा. बाबांची सगळी भजनं त्यात. एका रात्री टीव्हीनं आपणहून अपडेट घेतलं आणि सकाळपासून त्या बटणावर जाहिरातींचं पान उघडायला लागलं. बाबांनी रिमोटचे सेल बदलले. मग पेन ड्राइव्ह फुंकर मारून पाहिला. मग शेजारच्या मुलाला बोलावलं. तक्रारीच्या नंबरवरची मुलगी शेवटी शांतपणे म्हणाली, “ते आता नवीन व्हर्जनमध्ये नाहीये, काका.” बाबा फोन ठेवून म्हणाले, “पण मी कुठे नवीन टीव्ही घेतलाय?”

प्लेस्टेशनवाल्यांचा प्रश्न याहून वेगळा नव्हता.

सोनीच्या बाजूचं एक म्हणणं मात्र खरं होतं. लिनक्स वापरणारे लोक मूठभरच होते. बहुतेकांनी ती ओळ कधी उघडूनही पाहिली नव्हती. तरी संताप त्यांनाही आला. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, काळ सोकावतो याचं होतं. आज हे काढलं, उद्या काय?

(लंडन. पार्सलची खोकी.)

एप्रिल २०१० मध्येच ब्रिटनमधल्या एका ग्राहकानं वेगळीच वाट काढली. तो सोनीकडे गेलाच नाही. ज्या ॲमेझॉननं त्याला मशीन विकलं, त्यांना त्यानं युरोपच्या ग्राहक कायद्याचं कलम दाखवलं: विकताना सांगितलेलं काम वस्तूनं केलं पाहिजे. ॲमेझॉननं मशीन परत न मागता किमतीच्या साधारण २० टक्के रक्कम देऊन टाकली. सुमारे ८४ पौंड. दुकानदारानं भरपाई दिली आणि कारखानदारानं हात वर केले. किराणा दुकानात खवट शेंगदाणे परत करताना आपण हेच तर करतो. माल कुणी पिकवला, ते दुकानदारानं बघावं.

अमेरिकेत एवढं सोपं नव्हतं. तिथे कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात सगळ्या ग्राहकांच्या वतीनं सामूहिक दावा दाखल झाला. सोनीचा बचाव शांत आणि थंड होता: मशीन तुम्ही विकत घेतलंत, आतलं सॉफ्टवेअर नाही. त्याचा फक्त परवाना तुमच्याकडे आहे, आणि त्या परवान्यात बदल करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवलाय. तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलं होतं.

डिसेंबर २०११ मध्ये न्यायाधीश रिचर्ड सीबोर्ग यांनी दावा फेटाळला. ग्राहकांची नाराजी खरी आणि समजण्यासारखी आहे, ग्राहक जपण्याच्या दृष्टीनं हा निर्णय शंकास्पदही असेल, पण कायद्यात सोनीला जबाबदार धरता येत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय. वादी अपिलात गेले. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं दाव्याचा काही भाग पुन्हा जिवंत केला.

(बर्लिन, डिसेंबर २०१०. खचाखच भरलेलं सभागृह.)

कोर्टाचं घोंगडं भिजत पडलं असताना इकडे बर्लिनमध्ये संगणक-हॅकरांच्या वार्षिक मेळाव्यात एक गट मंचावर आला. त्यांचं म्हणणं असं: हे मशीन इतकी वर्षं फुटलं नाही, कारण कौशल्य असलेल्यांना ते फोडायची गरजच नव्हती. त्यांना हवं ते लिनक्स त्यांना मिळालेलं होतं. तुम्ही ते काढलंत, म्हणून आम्ही कामाला लागलो.

आणि त्यांनी सोनीची चूक फळ्यावर मांडली. प्रत्येक अधिकृत प्रोग्रामवर सोनी एक गुप्त डिजिटल सही करते. त्या सहीत दर वेळी एक नवा, कुणालाही न सांगता येणारा आकडा वापरायचा असतो. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. मग दोन सह्या शेजारी ठेवल्या की झालं: दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या. दहावीच्या एकसामयिक समीकरणांची रीत. उत्तर म्हणून जे बाहेर पडतं, ती कंपनीची गुप्त किल्ली.

जानेवारी २०११ मध्ये हॉट्झनं मशीनची मूळ किल्लीच जगजाहीर केली. आता कुठलंही अपडेट ती परत गुप्त करू शकत नव्हतं. सोनीनं त्याच्यावर खटला भरला, एप्रिलमध्ये तडजोड झाली. त्याच एप्रिलमध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर मोठा हल्ला झाला, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त काळ बंद राहिलं. त्या हल्ल्याचा ३.२१ शी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, त्यामुळे एकाची दोरी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही. पण ज्यांनी नेटवर्कसाठी लिनक्स सोडलं होतं, त्यांना त्या तीन आठवड्यांत दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही.

(कोरा अर्ज. त्यावर मशीनच्या सीरियल नंबरची चौकट.)

दाव्याचा शेवट आठ वर्षांनी झाला. २०१६ ची पहिली तडजोड न्यायालयाच्या गळी उतरली नाही. मग ३७ लाख ५० हजार डॉलरची दुसरी आली, ती २०१८ मध्ये मंजूर झाली. वकिलांचा वाटा त्यातूनच. ग्राहकाला माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर. तोवर कित्येकांची मशीन पिवळा दिवा लावून कायमची बंद पडली होती.

आणि ते रोमचं वायुदल? त्यांची मशीन सोनीच्या नेटवर्कला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांना कुणी ‘हो’ की ‘नाही’ विचारलं नाही. अडचण दुरुस्तीची होती. बिघडलेलं प्लेस्टेशन सोनीकडे पाठवलं, की नवं सॉफ्टवेअर घालून परत येणार आणि लिनक्स घेणार नाही. त्यामुळे हातात आहेत तीच मशीन जपून वापरायची.

(दुधाच्या वाहतुकीचा असतो तसा शीतकंटेनर. दार उघडतं. आत मांडण्या.)

पुढे त्यातली १७६ मशीन वायुदलानं खन्नांना देऊन टाकली. इतक्या मशीनची उष्णता खोलीत मावेना, म्हणून नाशिवंत माल नेणारा शीतकंटेनर आणून कॅम्पसवर ठेवला. २०१४ मध्ये ती सगळी त्या कंटेनरमध्ये होती. आत थंडगार अंधार, पंख्यांची घरघर, आणि ३.२१ च्या अलीकडेच थांबलेली काळी खोकी, कृष्णविवरांची गणितं सोडवत.