रेडिओ कुणाच्या मालकीचा?

[दृश्य : व्हॉल्व्हचा जुना रेडिओ. दिवा लागतो, काटा सरकतो.]

1976 साली बहुतेक घरांत गाणं यायचं ते या डब्यातून. खासगी रेडिओ केंद्रं नव्हतीच. रेडिओ सिलोन सोडलं, तर आकाशवाणीने लावलं ते ऐकायचं, नाही लावलं तर गप्प बसायचं.

[दृश्य : फिरती रेकॉर्ड, तिच्यावर टेकलेली सुई.]

1969 साली 'आराधना' आला आणि किशोरकुमारचा आवाज घराघरांत शिरला. सरकारलाही तोच आवाज हवा होता.

[दृश्य : टंकयंत्र. दोरीने बांधलेल्या फायली.]

25 जून 1975 ला आणीबाणी लागली. इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला चित्रपटसृष्टीला जुंपायचं ठरलं. माहिती व नभोवाणी मंत्री होते विद्याचरण शुक्ल. खात्याच्या सहसचिवांनी किशोरकुमारला फोन केला, घरी येऊन बोलायचं आहे म्हणाले. किशोरने सांगितलं, तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी कुणालाही भेटायला मनाई केली आहे. आणि रेडिओ-टीव्हीसाठी तसंही मला गायचं नाही.

एवढंच घडलं. त्याने सरकारविरुद्ध भाषण केलं नव्हतं की पत्रक काढलं नव्हतं. फक्त नाही म्हणाला.

[दृश्य : शहा आयोगाच्या अहवालाचं पान. ओळींवरून सरकणारं बोट.]

पुढचा सगळा व्यवहार आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाच्या अहवालात नोंदलेला आहे. खात्याला हे वागणं उद्धट वाटलं. 4 मे 1976 पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर किशोरकुमारची गाणी तीन महिने बंद. तो ज्या चित्रपटांत काम करतोय त्यांची यादी काढा, पुढच्या कारवाईसाठी. त्याच्या रेकॉर्डची विक्री थांबवा. हे सगळं फायलीवरच्या शेऱ्यांनी झालं, कोर्टाची पायरीही कुणाला चढावी लागली नाही. चित्रपटांची यादी कशाला, तर निर्मात्यांना धाक बसावा म्हणून. खात्याच्या मते तो बसलाही.

जूनमध्ये किशोरकुमारने सहकार्याचं पत्र दिलं. तो किती सहकार्य करतो यावर लक्ष ठेवायचं, असंही फायलीत लिहिलं गेलं. शुक्लांनी आयोगापुढे जबाबदारी स्वीकारली. 1991 साली ते पुन्हा केंद्रात मंत्री झाले.

[दृश्य : रिकामा रंगमंच, टेबल, पेटी.]

आता वीस वर्षं पुढे येऊ. सरकार बदललं, पक्ष बदलले. 1996 साली राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार पु. ल. देशपांड्यांना मिळाला. हेच पुलं 1977 च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध सभा गाजवत होते. आता लोकशाहीत ठोकशाहीची भाषा ऐकून वाईट वाटतं, असं त्यांनी बोलून दाखवलं. पुरस्कार घेतला म्हणून गप्प बसायचं त्यांनी कबूल केलेलं नव्हतं.

[दृश्य : वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं.]

बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्यांच्या नावावरच कोटी केली आणि पुलंना 'मोडका पूल' म्हटलं. सूर असा, की आम्ही गौरव केला आणि तुम्ही आमच्यावरच बोलता? पण पुरस्काराचे पैसे राज्याच्या तिजोरीतले होते. आकाशवाणीही कुणा पक्षाच्या पैशांवर चालत नव्हती. घरोघरी रेडिओ ऐकणारी माणसं तर त्यासाठी परवाना शुल्कसुद्धा भरत होती.