कोळी असेल म्हणून गप्प बसू नका

नमस्कार मंडळी. आज कोळ्याबद्दल बोलायचंय, जाळं विणतो तो कोळी, आणि तो चावला तर करायचं काय.

गेल्या ऑक्टोबरात, बागांच्या छाटणीच्या दिवसात, तासगावकडच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. दंडावर काहीतरी चावलेलं, घरच्यांनी लगेच चुना फासला, वरनं हळद. चुना वाळून तडकला होता, मी ओल्या बोळ्यानं भिजवत भिजवत काढला तर खाली कातडी सोललेली, लालभडक. चावा टाचणीच्या टोकाएवढा, बाकी सगळी जखम चुन्यानं केलेली. फार वाईट वाटलं हो, दोन रात्री आग आग होत काढल्या बाईनं, आणि साबण-पाणी तर घरातच होतं.

तर आधी साबणानं धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून धरा, बांगड्या-अंगठ्या काढा कारण सूज चढली की निघत नाहीत. ब्लेड मारू नका, दोरीनं आवळू नका. बहुतेक वेळा दुखण्याची गोळी, खाजेची गोळी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन एवढ्यावर भागतं. पण पोटात-पाठीत गोळे यायला लागले, घाम सुटला, किंवा चावलेली जागा काळी पडत चालली तर थांबू नका, लगेच या. काहीजण सापाचं इंजेक्शन द्याच म्हणून अडून बसतात, पण ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच बनतं, कोळ्याला लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात रेडबॅक नावाच्या विषारी कोळ्यासाठी वेगळं औषध १९५६ पासून आहे.

अंगावर एकाच बाजूला पट्ट्यात फोड आले की लोक म्हणतात कोळी मुतला. ते बहुतेक नागीण नावाचं दुखणं असतं, तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर चांगला फरक पडतो.

आता ज्यासाठी खरं आज बोलायला आलोय ते. ऊसतोडीच्या खोपटात, वस्तीवर खाली झोपलेल्याला रात्री काहीतरी चावतं, खूण दिसत नाही, फारसं दुखतही नाही, मग कोळी असेल म्हणून माणूस परत झोपतो. मण्यार अशीच चावते. तिचे दात इतके बारीक की डाग शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि पुढं श्वासच अडकतो. वेळेत आणलं तर इंजेक्शन आहे, व्हेंटिलेटर आहे, माणूस वाचतो. म्हणून उजाडायची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा, आणि दवाखान्यात आल्यावर कोळी चावला असं सांगू नका, चावणारं दिसलं नाही एवढंच सांगा.