भूल उतरल्यावरची रात्र: मूळव्याधीचं ऑपरेशन आणि दुखणं

बाबांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं त्या दुपारी ते मस्त गप्पा मारत होते, चहासुद्धा मागितला, आणि संध्याकाळी पाठीतल्या इंजेक्शनचा असर संपून पाय हलायला लागले तसा चेहराच उतरला, दोन्ही हातांनी कॉटची दांडी गच्च धरलेली. ही जागा एवढी का दुखते?

गुदद्वाराच्या आत साधारण २ सेंटीमीटरवर एक नागमोडी रेघ असते. तिच्या वर कापलं तर फारसं कळत नाही, पण खालची कातडी फार नाजूक, नसांनी भरलेली, आणि ओपन ऑपरेशनमध्ये जखम उघडीच ठेवतात. त्यात दुखलं की तिथला स्नायू आवळतो आणि आवळला की अजून दुखतं, हे चक्र सुरूच.

आता ही जागा बधिर करायची औषधं बघा. पहिलं लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ ला बनलं, दात काढताना बऱ्याच जणांनी घेतलेलं असतं. काही मिनिटांत बधिर करतं पण तास-दोन तासांत उतरतं. दुसरं ब्युपिव्हाकेन, चढायला जरा वेळ लागतो पण साधारण ४ ते ८ तास टिकतं, म्हणून ऑपरेशन संपताना जखमेच्या आजूबाजूला नाहीतर प्युडेंडल नर्व्हपाशी (या भागाला संवेदना देणारी नस) बहुतेक वेळा हेच देतात. डोस मात्र अगदी मोजून, कारण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हृदयाला धोका. याच जातीचं रोपिव्हाकेन त्या बाबतीत थोडं सौम्य.

आणि अजून एक आहे, चरबीच्या बारीक बारीक कणांत भरलेलं ब्युपिव्हाकेन, दुधासारखं पांढरं दिसतं, हळूहळू सुटत राहतं. अमेरिकेत २०११ ला मान्यता मिळाली तेव्हा मूळव्याधीच्या पेशंटवरही तपासलं होतं, नुसत्या सलाईनच्या इंजेक्शनपेक्षा ७२ तासांपर्यंत दुखणं कमी राहिलं. पण खूप महाग आहे, आणि साध्या ब्युपिव्हाकेनपेक्षा कितपत सरस यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

मला विचाराल तर साधं ब्युपिव्हाकेनच घ्या, फक्त ते रात्री कधीतरी उतरणार हे धरूनच चाला आणि दुखायची वाट न बघता डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या. खरी परीक्षा पहिल्या संडासची, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर इंजेक्शन कधीच उतरलेलं असतं. बाबा तिसऱ्या दिवशी सकाळी संडासला गेले. रात्री इसबगोल घेतलेलं, जायच्या आधी नर्सनी सांगितल्याप्रमाणे लिग्नोकेनची जेली लावून दहा मिनिटं थांबले, आल्यावर कोमट पाण्याच्या टबात बसले, आणि आतूनच हाक मारली, "चहा टाक गं."