यादीतला चौथा नंबर

(दृश्य : सदाशिव पेठेतली कॉटबेसिसची खोली. रात्रीचे साडेअकरा.)

चार कॉट. तीन अंधारात, चौथीवर पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड.

समजा, ही मुलगी एमपीएससीच्या तयारीसाठी लातूरहून आलीय. दोन महिने धड झोप नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. घरी सांगायची सोय नाही, मैत्रिणींना सांगायला लाज वाटते. म्हणून मोबाइलवर शोधते : 'जवळचा समुपदेशक'.

यादी उघडते. बारा नावं, बारा नंबर.

(दृश्य : दुपार. गच्ची, वाळत घातलेले कपडे.)

कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती गच्चीवर येते. पहिला नंबर : 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' दुसऱ्या ठिकाणची फी ऐकून ती 'बरं, कळवते' म्हणते. तिसरीकडे नुसती रिंग वाजत राहते.

चौथा नंबर ती लावत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. डॉक्टर कमी आहेत, पैसा लागतो, लोक काय म्हणतील ही भीती असते. पण धीर गोळा करून कुणी फोन लावला आणि तो चुकीच्या नंबरामुळे वाया गेला, हे तरी टाळता येण्यासारखं आहे. आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

अशा यादीत नुसतं नाव आणि पत्ता देऊन भागत नाही. मराठीत बोलतील का? विद्यार्थ्याला फी कमी होते का? अठराच्या आतल्या मुलांना बघतात का? गोळ्या देणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत की बोलून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं नाव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदवहीत आहे का? आणि हे सगळं शेवटचं कधी तपासलं? मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'आयकॉल' या समुपदेशन हेल्पलाइनने लोकांच्याच शिफारशींवरून तज्ज्ञांची यादी केली, तेव्हा उपचार घेणाऱ्याचा अनुभव त्यात आला. आम्हाला ती वाट योग्य वाटते.

शब्दांचंही तसंच. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. पण गावाकडचा तिचा दहावीतला भाऊ 'किशोरवयीन आरोग्य सेवा' असं कशाला शोधेल? तो लिहिणार, 'अभ्यासात लक्ष लागत नाही'. त्याच्या या शब्दांना यादीत उत्तर मिळायला हवं.

त्यासाठी कुणीतरी दर महिन्याला फोन घेऊन बसावं लागतं. एकेक नंबर लावायचा, विचारायचं, 'नवीन पेशंट घेताय का? संध्याकाळी सहानंतर वेळ मिळेल?' बंद पडलेला नंबर त्याच दिवशी काढून टाकायचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून यादीला अर्थ नाही.

आणि यादीत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा, चोवीस तास, मोफत.

(दृश्य : पुन्हा रात्र. तीच कॉट रिकामी. जिन्यात, पायरीवर ती.)

ती पाच आकडे दाबते. भाषा विचारली जाते. ती मराठी निवडते.