आधी एक्स-रे, मग नाल

[दृश्य: दस्तुरी नाका, सकाळ. घोड्यांची रांग.]

माथेरानला येणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. पुढे आता ई-रिक्षा आहेत, पण घोडा अजून आहेच. तो लंगडला की त्या घरची कमाईही थांबली.

[दृश्य: खूर, अगदी जवळून.]

हा खूर बघा. आडव्या कड्या पुढे एकमेकींना खेटून आहेत, टाचेकडे मात्र फाकत गेल्यात. टाच भराभर वाढतेय, पुढच्या भिंतीची वाढ मागे पडलीय. जुनाट लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या पदरांच्या दुखण्याची, ही खूण.

खुराची भिंत आतल्या हाडाला बारीक पदरांनी धरलेली असते, नखाला मांस चिकटलेलं असावं तशी. हे पदर दुखावून सुटले की वरून अंगाचं वजन रेटतं, पायामागची कंडरा हाडाला मागे ओढते आणि हाडाचं टोक तळव्याकडे कलतं.

मालक विचारतो, "कुठला नाल ठोकू?" जरा थांबा. आधी बाजूने काढलेला एक्स-रे. हाड किती कललंय, तळवा किती जाड उरलाय, हे नुसतं चाचपून कळत नाही. मग कानस. खुराचं पुढे लांबलेलं टोक मागे घ्यायचं, कारण दर पावलाला तेच सुटलेली भिंत उचकटतं. टाच बेताबेतानं उतरवायची, एकदम उतरवली तर कंडरेवर ताण येतो. आणि तळव्याला सुरी लावायची नाही. आधीच पातळ झालेला तळवा 'साफ' करणं म्हणजे घोड्याचं उरलंसुरलं कवच काढून घेणं.

[दृश्य: नालबंदाची हत्यारं.]

आता नाल. उलटा नाल स्वस्त, टोकाकडे उघडा, तिथला दाब कमी करणारा. हार्ट-बार नालाची मधली पट्टी तळव्यातल्या मऊ त्रिकोणाला आधार देते, पण ती जागेवरून जराशी पुढे सरकली तरी दुखणं वाढतं. एक्स-रेशिवाय तो न ठोकलेलाच बरा. कडा गोलसर केलेला लाकडी तळ हातोडीशिवाय बसवता येतो, म्हणून दुखऱ्या पायाला सोसतो. फोमची गादी असलेले बूट तर काढता-घालता येतात. काही घोडे नीट तासल्यावर नालाविनाही सावरतात.

पण हरभरा-गुळाचा खुराक सुरूच राहिला तर हे सगळं पाण्यात. पोनींमध्ये या दुखण्यामागे बहुतेकदा रक्तात वाढलेलं इन्सुलिन असतं. सुकं गवत भिजवून, पाणी निथळून द्यावं, म्हणजे त्यातली साखर कमी होते.

तासणी दर चार-सहा आठवड्यांनी. नवी भिंत वरून टोकापर्यंत उतरायला साधारण वर्ष लागतं. पाय दुखतोय तोवर पाठीवर पर्यटक नाही, आणि मालकाला नालाच्या खर्चापेक्षा हेच जड जातं.