मेन बिघडलं तर ‘कट’ का करायचं नाही? जुन्या लष्करी पॅराशूटबद्दल, पुन्हा एकदा

[टेबलावर टी-१० चं हार्नेस आणि छातीवरचं रिझर्व्ह. कॅमेरा समोर.]

नमस्कार. चोर बाजारातल्या लष्करी मालावरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच वाक्य फिरतंय. “मेन नाही उघडलं तर कट करायचं आणि रिझर्व्ह खेचायचं, एवढं काय त्यात?” मेन म्हणजे मुख्य छत्री, रिझर्व्ह म्हणजे राखीव छत्री, आणि कट म्हणजे बिघडलेलं मेन हवेतच अंगापासून सोडून देणं. कुणी हसऱ्या इमोजीसकट लिहितंय, कुणी मास्तरांच्या सुरात. उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून आज व्हिडिओच.

आधी सोपं ते उरकून घेऊ. वर छत्री, छत्रीला दोऱ्या, दोऱ्या एकत्र येतात त्या पट्ट्या म्हणजे रायझर, रायझर हार्नेसला, हार्नेस तुमच्या अंगावर. पाठीवर मेन, पोटावर रिझर्व्ह. हे टी-१०. अमेरिकन लष्करात १९५० च्या दशकात आलं आणि पुढची कित्येक दशकं चाललं. छत्रीचा नॉमिनल व्यास ३५ फूट, दोऱ्या ३०, स्टॅटिक लाइन १५ फूट. स्टॅटिक लाइनचा हुक विमानातल्या केबलला अडकवलेला असतो. जवान बाहेर पडला की लाइन ताणते, पॅक उघडतो, छत्रीची पिशवी बाहेर येते, आधी रायझर, मग दोऱ्या सुटत जातात, शेवटी पिशवी छत्रीवरून निघते आणि छत्रीच्या टोकाला बांधलेला नाजूक दोरा तुटतो. पिशवी आणि लाइन विमानामागे फडफडत राहतात, जवान छत्रीखाली. उघडायला त्याने स्वतः काही ओढायचं नसतं. झालं.

दोऱ्या आधी की छत्री आधी, हा फरक मात्र नीट लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन टी-५ आणि जर्मन आरझेड पॅराशूटमध्ये छत्री आधी फुगायची आणि दोऱ्या नंतर ताणायच्या. त्यामुळे झटका असा बसायचा की मान आणि खांदे आठवडाभर बोलायचे. ब्रिटिशांच्या एक्स-टाइपमध्ये दोऱ्या आधी, छत्री नंतर, म्हणून उघडणं खूपच मऊ. तरीही युद्धकाळात ब्रिटिश जवान रिझर्व्हशिवाय उडी मारायचे. “मग ते वेडे होते का?” असं एकाने विचारलंय. नाही. उडीच इतक्या खालून असायची की दुसरी छत्री उघडायला वेळ उरत नव्हता. हे ‘वेळ उरत नव्हता’ पकडून ठेवा, आजचं अख्खं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे.

[क्लोज-अप: खांद्याजवळचा धातूचा खटका.]

हा बघा. याला केपवेल रिलीज म्हणतात. दोन्ही खांद्यांवर एकेक. वरचं झाकण खाली ओढलं की आत तारेचं कडं दिसतं, काही मॉडेलमध्ये कड्याऐवजी दोन बाजूंनी दाबायचे खटके असतात. ते ओढलं किंवा दाबलं की रायझर हार्नेसपासून सुटतो. मग लोक काय समजतात? “सुटतो ना? म्हणजे हेच कटअवे!”

नाही हो. हा खटका जमिनीसाठी आहे.

जवान खाली आला की वारा असेल तर छत्री फुगलेलीच राहते आणि माणसाला फरफटत नेते. पाण्यात उतरला तर तीच छत्री त्याला ओढते किंवा वरून झाकून टाकते. त्यासाठी हा खटका. जमिनीवर पडल्या पडल्या एका खांद्याचा रिलीज सोडायचा, छत्री एका बाजूने मोकळी होते आणि पडते. टी-१० च्या कवायतीत हवेत छत्री सोडणं ही पायरीच नाही. मेन नीट नाही उघडलं तर ते तसंच डोक्यावर ठेवायचं आणि रिझर्व्ह बाहेर काढायचं.

पटत नाही? हिशोब करू. बाहेर पडल्यावर जवान चारपर्यंत मोजतो, हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार, आणि मग वर मान करून छत्री बघतो. छत्री अजिबात आली नसेल तर ४ सेकंदांत हवेचा रोध न धरता तो ७८ मीटर खाली आलेला असतो. उडी ८०० फुटांवरून, म्हणजे २४४ मीटरवरून असेल, तर तिथून जमिनीवर पोचायला एकूण ७ सेकंद. हवेचा रोध धरला तर थोडं जास्त, पण खिशात राहिले तीन-चार सेकंद. आता त्यात दोन हात उचलून दोन खांद्यांवरची दोन झाकणं उघडा, दोन कड्यांत दोन अंगठे घाला, दोन्ही एकाच वेळी ओढा, मग हात खाली आणून पोटावरचं हँडल शोधा. झालं तुमचं? जमीन आली.

“पण आम्ही जुन्या फोटोंत बघितलंय, स्पोर्ट जंपर केपवेल सोडायचे!” बरोबर बघितलंत. १९६० आणि ७० च्या दशकात हौशी जंपर लष्कराचंच सामान वापरायचे आणि हवेतही केपवेल सोडायचे. पण ते मेन उघडायचेच अडीच-तीन हजार फुटांवर, त्यांच्याकडे उंची होती. शिवाय ते काम अवघडच मानलं जायचं. एक खटका सुटला आणि दुसरा अडला तर मेन एका खांद्यावर लोंबत फडफडत राहतं, आणि रिझर्व्ह वर येताना त्यातच गुंडाळलं जातं. ही अडचण होती म्हणूनच १९७० च्या दशकात बिल बूथ या अमेरिकन पॅराशूट बनवणाऱ्याने तीन कड्यांची रिलीज काढली. मोठं कडं, मध्यम कडं, छोटं कडं एकमेकांतून ओवलेली, शेवटी कापडी लूप आणि त्यातून केबल. प्रत्येक कडं भार कमी करत जातं, त्यामुळे एका हाताने एक हँडल ओढलं की दोन्ही बाजू सुटतात. आज तुम्ही व्हिडिओत जे ‘कट’ बघता ते हे. टी-१० च्या खांद्यावर ते नाही. दोन वेगळ्या काळातली दोन सामानं कमेंटमध्ये एकाच पातेल्यात ढवळली जातात, माझी चिडचिड तिथे होते.

आता तिसऱ्या बाजूने बघा, रिझर्व्हच्या बाजूने. हे पोटावरचं रिझर्व्ह २४ फुटांचं. मूळच्या आवृत्तीत याला पायलट छत्री नाही, म्हणजे हवेत उडी घेऊन मागची छत्री ओढून काढणारं स्प्रिंगचं छोटं पिल्लू नाही. मेन अर्धवट असेल, दोरी छत्रीवरून गेली असेल, छत्री फिरत असेल, तर जवान हळू पडत असतो. हळू पडत असताना गठ्ठ्यात हवा शिरत नाही. म्हणून रिझर्व्हची छत्री हाताने फेकायची. पाय जुळवायचे. डाव्या हाताने पॅकचा पुढचा फ्लॅप दाबून धरायचा. उजव्या हाताने उजवीकडचं हँडल ओढून टाकून द्यायचं. डावा हात अजून दाबलेला ठेवायचा, नाहीतर कापड पायांत सांडतं. मग उजव्या हाताने छत्रीचा गठ्ठा मुठीत धरायचा, वर उचलायचा आणि गिरकीच्या दिशेला खाली-बाहेर जोर लावून फेकायचा. फुगली नाही तर दोऱ्या ओढून परत आत घ्यायची आणि उलट दिशेला फेकायची. छत्री अजिबातच उघडली नसेल तर वेग भरपूर असतो, तिथे फेकाफेकी नाही, हँडल ओढायचं आणि सोडून द्यायचं.

आता सांगा, वर अर्धं मेन आहे, ते तुम्हाला थोडं का होईना धरून आहे. ते सोडून तुम्ही गटांगळ्या खायला लागणार आणि मग त्या गठ्ठ्याची दिशा ठरवणार? पुढे रिझर्व्हच्या सुधारित आवृत्तीत स्प्रिंगची पायलट छत्री आली, फेकायची कटकट गेली. मेन सोडायची पायरी तेव्हाही आली नाही. तीन बाजूंनी सांगून झालं. चौथ्यांदा विचारलंत तर याच व्हिडिओची लिंक पाठवणार.

[हार्नेस उलटं करून दाखवणे.]

याच धर्तीवर ब्रिटिश हार्नेसवरची छातीची गोल डबी, क्विक रिलीज बॉक्स. चारही पट्टे त्या एका डबीत. वरची चकती पाव फेरा फिरवायची, ती मोकळी होते, आणि थाप मारली की सगळे पट्टे एकदम सुटतात. ही चांगली गोष्ट, पण यातला सापळा पाण्यावर दिसतो. पाण्यावर उंचीचा अंदाज चुकतो, खाली झाड नाही, माणूस नाही, तुलनेला काहीच नाही. जवानाला वाटतं पाय टेकायला आले, तो थाप मारतो आणि बरंच उंचावरून सुटून पडतो. अमेरिकन टी-५ मध्ये उलटी अडचण होती. तिथे डबीच नव्हती, तीन हुक एकेक करून सोडायचे. जून १९४४ ला नॉर्मंडीत पाण्याखाली गेलेल्या शेतांत आणि दलदलीत उतरलेल्यांना ते हुक सोडता येईनात, म्हणून सुऱ्या काढून पट्टे कापावे लागले. कितीतरी जण बुडाले. एकीकडे फार लवकर सुटणारं, दुसरीकडे सुटतच नाही असं. सुरक्षेची सोय कोणत्या क्षणासाठी बनवली, हे न बघता तिला बरं-वाईट ठरवू नका.

मधेच एक कमेंट घेतो. “वीस मजली टॉवरवरून टी-१० ने उतरता येईल का?” वीस मजले म्हणजे साधारण ६० मीटर. ६० मीटर पडायला साडेतीन सेकंद लागतात. टी-१० विमानाच्या पुढच्या वेगात उघडायला बनलंय, त्याचे चार हजार मोजून होण्याआधी तुम्ही पार्किंगमध्ये. शिवाय मुंबई पोलीस पॅराग्लायडर, ड्रोन वगैरेंवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. आणि नीट उघडलं तरी टी-१० सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने खाली येतं, म्हणजे अडीच मीटरच्या भिंतीवरून मारलेली उडी, पाठीवर पूर्ण सामान घेऊन. म्हणून तर पाय जुळवून, गुडघे वाकवून, पोटरी, मांडी, नितंब, पाठीची बाजू अशा क्रमाने लोळत पडायचं शिकवतात.

भारतातलं विचारणाऱ्यांसाठी थोडं. कानपूरचा पॅराशूट कारखाना १९४१ चा. हवाई दलाचं पॅराट्रूपर प्रशिक्षण आग्र्याला. भारतीय पीटीए पॅराशूट आग्र्याच्याच एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवलं. आणि एक भन्नाट गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या मोहिमेत रसद टाकायला रेशीम-नायलॉनची पॅराशूट मिळेनात, तेव्हा ब्रिटिश जनरल स्लिमच्या लोकांनी कलकत्त्याच्या तागाची छत्री बनवून घेतली. पॅराज्यूट. किंमत साधारण एक पौंड, चांगली पॅराशूट वीस पौंडांच्या वर. माणसांसाठी नाही हं, फक्त गोण्यांसाठी.

आता ज्यांनी खरोखर घेतलंय त्यांच्यासाठी. पहिलं, हे पांघरायचं, टांगायचं, शिकवायचं सामान आहे, उडीचं नाही. अमेरिकेच्या नियमात नायलॉनचं पॅराशूट १८० दिवसांच्या आत प्रमाणित रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या कारागिराने, घडी घातलेलं लागतं, रेशीम किंवा नैसर्गिक धागा कुठेही असेल तर ६० दिवस. तुमच्या चोर बाजारच्या बंडलावर शेवटची घडी कुणी कधी घातली? नोंदपत्रच नाही. नोंदपत्र नसलेलं पॅराशूट म्हणजे नुसतं कापड.

नायलॉन कशाने मरतं ते ऐका. ऊन, पहिला नंबर. गॅलरीत दोरीवर वाळत घातलेली छत्री दिसायला तशीच राहते, पण आतून कमजोर होत जाते. दुसरं आम्ल. गाडीच्या बॅटरीशेजारी ठेवलेली पिशवी नुसत्या हाताने फाटते. १९८० च्या दशकात काही गोल रिझर्व्ह छत्र्यांच्या जाळीतल्या आम्लाने शेजारचं नायलॉन खाल्लं होतं. त्याची तपासणी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या द्रावणाच्या थेंबाने करतात. निळंसर राहिलं तर ठीक, पिवळट झालं तर आम्ल आहे. तिसरं, मुंबईचा पावसाळा. नायलॉनला बुरशी फार लागत नाही, पण सुती पट्ट्या, शिवण, धाग्यांना लागते, आणि लोखंडी पिनांचा गंज कापडावर डाग सोडतो. चौथं, दोऱ्यांच्या घड्यांना बांधलेले रबर. ते वितळून चिकट काळी पुट्टी होते आणि नायलॉनला चिकटते. पॅक उघडताना ओढाताण केली तर कापड फाटतं.

म्हणून घेतल्या घेतल्या पॅक उघडा, रबर एकेक कात्रीने कापून काढा, ओढून नाही. दोऱ्या मोकळ्या सोडा, घट्ट घडी सोडून द्या, सैल गुंडाळा. धुवायचं असेल तर साधं गार पाणी, डिटर्जंट नाही, ब्लीच तर नावही काढू नका, आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, जून ते सप्टेंबर त्या महिन्याला बदला. धातूचे भाग वेगळे पुसून, कापडाला न लागतील असे गुंडाळा. आणि छातीच्या रिझर्व्हची रिपकॉर्ड पिन, म्हणजे हँडल ओढल्यावर निघणारी, पॅक बंद ठेवणारी पिन, लहान मुलांच्या हातात देऊ नका. स्प्रिंगवाल्या आवृत्तीत ती सुटली की पायलट छत्री थेट तोंडावर येते.